पाण्याचे सहा कॅन

पाचवा कॅन फुटला नाही, आणि सहावाही नाही.

डेलमार होगनने दुर्बीण खाली केली, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा पाहिलं. ऐंशी पावलांवर फळीवर दुधाचे सहा प्लास्टिकचे कॅन एकामागे एक उभे होते, सकाळीच नळाखाली गच्च भरलेले. प्रत्येकाच्या पोटातून एक बारीक धार पुढे लागली होती आणि एक मागे. बाकी सगळे जिथल्या तिथे. खरं तर पहिला कॅन शिवणीवर टरकन फाटायला हवा होता, त्याचं झाकण दहा फूट वर उडायला हवं होतं, आणि दुसऱ्याची चिंधी व्हायला हवी होती.

गुडघा दुखत होता तरी तो भरभर चालत गेला. सहाव्या कॅनच्या मागे त्याने जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांचा गठ्ठा बांधून ठेवला होता. चाकूने पानं उचकत तो आत गेला, तेव्हा गोळी प्लंबरांच्या पानांमध्ये सापडली. तांब्याची, चकचकीत, टोकाला जरासा चपटेपणा. पुसून पुन्हा काडतुसात बसवावी अशी.

"काय रे डेल, दुधाने काय घोडं मारलंय तुझं?"

कुरणाच्या कुंपणापलीकडे व्हर्न उभा होता, डेलमारचा शेजारी. चाळीस वर्षं तो डेलमारला कॅनवर गोळ्या झाडताना बघत होता आणि चाळीस वर्षं हेच विचारत होता. डेलमारने नुसती गोळी दाखवली. व्हर्नने ती हातात घेतली, फिरवली, आणि त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरली.

"ही तिसरी ना?"

"तिसरी. तीन जातीच्या झाल्या. सगळ्या अशाच."

"मऊ टोकाची मागव की."

"मागवली. दुकानवाली म्हणते डिसेंबरात येईल. हंगाम रविवारी संपतोय."

व्हर्नने गोळी परत दिली. थोडा वेळ त्याने कुंपणाच्या तारेशी चाळा केला. "हे बघ, मी मारतो एक हरिण. नोरीनच्या परवान्याचा टॅग लाव त्याला. कोण विचारतंय?"

"नोरीनच विचारेल," डेलमार म्हणाला. "आणि मग ती स्वतः फोन करून शिकार खात्याच्या वॉर्डनला बोलावेल. तुझ्यासाठीसुद्धा आणि माझ्यासाठीसुद्धा."

व्हर्नला हे पटलं. डेलमारच्या बायकोला ओळखणाऱ्या कुणालाही पटलं असतं.

डेलमार आता चौऱ्याहत्तरचा होता. गावच्या शाळेच्या बसगाड्या त्याने एकतीस वर्षं दुरुस्त केल्या, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात नोरीनने तितकीच वर्षं मुलांना जेवू घातलं. मोंटानाच्या त्या कोपऱ्यात एवढी ओळख पुरते. दर नोव्हेंबरात दोघं हेन्सली नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणावरच्या कड्यावर जाऊन बसत, आणि दोघांची दोन हरणं झाली की वर्षभराच्या मांसाची सोय होई. बाजारातलं मांस नोरीन आणत नसे असं नाही, पण आणलं की त्याच्याकडे परक्या माणसासारखी बघत असे.

कॅनची भानगड सुरू झाली ती सत्याऐंशी साली. स्वस्तात मिळालेल्या एका पेटीतली गोळी नोरीनच्या रायफलीतून सुटली, नेमकी लागली, आणि हरिण पळालं. गोळी वेगाने आपटली की तिचं टोक उलगडतं, रुंद होतं, आणि जनावर जागच्या जागी पडतं. ही उलगडली नाही. सुईसारखी आरपार गेली. दोन दिवस नवराबायको बर्फातले रक्ताचे थेंब मोजत हिंडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थेंब संपले आणि हरिण काही सापडलं नाही. नोरीन घरी आली, बूट काढले, आणि म्हणाली, "यापुढे पाण्यातून काढून मला दाखवल्याशिवाय एकही गोळी माझ्या रायफलीत जाणार नाही."

पाणी का, तर जनावराचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. आणि कॅन शाळेतल्या तिच्याच स्वयंपाकघरातून रिकामे होत. दर शुक्रवारी ती आठ-दहा धुऊन आणी, डेलमार भरी, झाडी, आणि सापडलेली गोळी जेवणाच्या टेबलावर ठेवी. नोरीन चष्मा लावून ती बघे, बंदुकीची दारू जोखायच्या छोट्या तराजूवर तिचं वजन करी, चिठ्ठी लिही आणि अंड्यांच्या खोक्यातल्या एका खळग्यात ठेवी. दागिन्यांचा डबा तिच्याकडे नव्हता. हा होता.

यंदाचं प्रकरण मात्र वेगळं होतं. नोरीनचा जुना आजार उन्हाळ्यात परत आला आणि उजव्या खांद्याच्या हाडात जाऊन बसला. किरणं दिली, दुखणं कमी झालं, पण हाड ठिसूळ झालं. बिलिंग्ज शहरातल्या दवाखान्यात तिने डॉक्टरांना औषधांबद्दल दोन प्रश्न विचारले आणि रायफलीबद्दल अकरा. डॉक्टर स्वतः शिकारी निघाले. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, "मांजर उडी मारून खांद्यावर बसेल एवढा धक्का चालेल. त्याहून जास्त नाही."

"किती वजनाचं मांजर?" नोरीनने विचारलं.

परतीच्या वाटेवर गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "डेल, मला एकदा कड्यावर जायचंय. यंदा." पुढच्या वर्षाचं ती काही बोलली नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

म्हणून डेलमार मांजर बनवायला बसला. काडतुसात दारू कमी केली की धक्का कमी होतो. ते जमलं. स्वतःच्या खांद्यावर, डोळे मिटून, त्याने पुन्हा पुन्हा झाडून बघितलं आणि व्हर्नची लठ्ठ मांजर आठवून ताडून पाहिलं. पण दारू कमी म्हणजे वेगही कमी, आणि वेग कमी म्हणजे गोळी उलगडत नाही. गेले तीन आठवडे तो या एका गाठीपाशी अडकला होता.

तो कॅन झाडत असे ते कुरणही हेन्सलीचंच, आणि त्याचा नियम होता की तिथे प्लास्टिक राहता कामा नये. डेलमारने सहाही कॅन ओतले, पिकअपमध्ये टाकले आणि घरी येऊन सवयीने शेडमागच्या ढिगावर ठेवले. मग वर्कशॉपमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

अंड्यांचं खोकं तिथेच फळीवर होतं. त्याने ते उघडलं. सातव्या खळग्यात नोरीनच्या रायफलीचीच, तशाच तांब्याची एक जुनी गोळी होती, चौऱ्याण्णव सालची. काय सुंदर उलगडली होती. त्याने ती उचलली. चिठ्ठी तशीच ठेवली.

डेलमार होगन आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता, त्यामुळे त्याला ते नीट येतही नव्हतं. पण त्याने बेत केला होता. नोरीन झाडेल, आणि त्याच क्षणी मागून तो आपल्या मोठ्या रायफलीने झाडेल. हरिण पडेल. तिला वाटेल तिचंच. त्याचा स्वतःचा टॅग मागच्याच आठवड्यात एका हरणाच्या पायाला बांधून झाला होता, म्हणजे त्याला आता हंगामात दुसरं हरिण मारायचा अधिकार नव्हता. हेही त्याला माहीत होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कायदा आणि बायको दोघांनाही एकदम फसवायचं ठरवलं, आणि दोघांपैकी त्याला भीती फक्त एकाची होती.

जेवायच्या वेळी त्याने गोळी तिच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवली.

"ही बघ. तीन कॅन. चौथ्यात सापडली."

नोरीनने हात पुसले, चष्मा लावला आणि गोळी तळहातावर घेतली. बराच वेळ बघितली. डेलमार वाटाण्याच्या सूपमध्ये चमचा फिरवत राहिला.

"मांजराने केलं हे?" तिने विचारलं.

"मांजराने."

"छान उलगडलीय." तिने गोळी त्याच्या बाजूला सरकवली. "मग शनिवारी जाऊ या. थंडी कमी आहे म्हणतायत."

"वजन नाही करायचं?"

"तू केलं असशील ना," ती म्हणाली आणि स्वतःचं सूप वाढून घ्यायला उठली.

थकली असेल, असं डेलमारला वाटलं. त्या विचाराने त्याला आणखी वाईट वाटलं. दोन घास त्याने कसेबसे खाल्ले.

शनिवारी उजाडता उजाडता दोघं निघाले. पिकअप कुरणाच्या कुंपणापाशी लावली. दुसऱ्यांच्या बसगाड्या एकतीस वर्षं ठणठणीत ठेवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीचा रेडिएटर गळत होता, म्हणून सीटखाली नेहमी पाण्याचा एक कॅन असे. तिथून कडा पाऊण मैलावर. पूर्वी हे अंतर ते वीस मिनिटांत चढत. आज दीड तास लागला. नोरीन दर थोड्या वेळाने थांबे आणि डोंगर बघायला थांबल्यासारखं करी, आणि डेलमारही मग डोंगर बघे. तिची रायफल त्याच्या एका खांद्याला होती, त्याची दुसऱ्या.

"तुझी कशाला आणलीयस?" अर्ध्या वाटेवर तिने विचारलं. "तुझा टॅग तर लागला."

"अस्वलासाठी."

"हेन्सलीच्या कुरणात?"

"आलं तर."

"बरं," नोरीन म्हणाली.

कड्यावर त्यांचा नेहमीचा खडक होता, पाठ टेकायला सोयीचा. त्याने घोंगडी अंथरली, तिला बसवलं, तिची रायफल पिशवीवर टेकवून दिली आणि मांजराचं काडतूस तिच्या हातात ठेवलं. तिने ते स्वतः भरलं. मग दोघं गप्प बसले. खाली ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांवर दंव होतं. उन्हं हळूहळू गवतावरून वर सरकत आली.

साडेनऊच्या सुमारास ओढ्यातून हरिण वर आलं. नर होता, तरणा, चार टोकांच्या शिंगांचा. चरत चरत तो साठ पावलांवर आला आणि अंगाची अख्खी बाजू त्यांच्याकडे करून उभा राहिला. इतकं सोपं हरिण त्यांना दहा वर्षांत मिळालं नव्हतं.

नोरीनने गाल दस्त्याला लावला. डेलमारने मागे आपली रायफल उचलली. रायफलीच्या पट्ट्याची कडी बारीक खुळखुळत होती. तिचा अंगठा सेफ्टीच्या खटक्यावर होता. त्याने श्वास रोखला आणि तिच्या गोळीच्या आवाजाची वाट पाहत राहिला.

आवाज झालाच नाही. ती रायफलीवरच्या दुर्बिणीतून नुसती बघत राहिली. खूप वेळ बघत राहिली.

"किती देखणा आहे रे," ती कुजबुजली. मग तिने बोल्ट मागे ओढला, काडतूस काढलं आणि मागे न बघता त्याच्यापुढे धरलं.

"घे. आणि ते अस्वल खाली ठेव. हात कापतोय तुझा, मलाच घालशील गोळी."

डेलमारने रायफल गवतात ठेवली. काडतूस घेतलं.

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारीच, तू गोळी दाखवण्याआधी. कोंबड्यांना दाणे टाकायला गेले होते शेडमागे." ती अजून हरणाकडेच बघत होती. "अठरा कॅन, डेल. अठराच्या अठरा धडधाकट. पुढे एक भोक, मागे एक भोक. इतकी वर्षं टोमॅटोची रोपं झाकायला तुझ्या ढिगातून एक धड कॅन मिळायची मारामार. म्हटलं, एकाएकी एवढी चैन कशी झाली?"

खऱ्या गोळ्या लपवल्या, चिठ्ठी तशीच ठेवली, चेहरासुद्धा जमेल तसा सांभाळला, आणि कॅन मात्र नेहमीच्या जागी रचून ठेवले. डेलमारला स्वतःच्या मूर्खपणाचं हसू यायला हवं होतं. त्याला रडू आलं.

"मला तुला नुसतं एकदा..." तो म्हणाला.

"माहितीये मला."

"मग आलीस कशाला? एवढं चढून?"

"यायचंच होतं मला." तिने डावा हात मागे करून त्याचा गुडघा चाचपला आणि तिथेच ठेवला. "तू तर इतक्या कष्टाने खोटं बोललास. सूपसुद्धा गेलं नाही तुला. म्हटलं, हे फुकट कशाला घालवायचं?"

डेलमारने मोठ्याने नाक ओढलं. हरणाने मान वर केली.

"अरे हळू," नोरीन म्हणाली. "गेला बघ तो."

हरिण गेलं. घाई न करता, दोन उड्या, मग चालत, विलोंच्या पलीकडे. नोरीन ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. "त्या सत्याऐंशी सालच्यानेही असंच चालत जायला हवं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात दुःख होतं, पण ते जुनं होतं, वापरून मऊ झालेलं.

मग त्यांनी थर्मासमधली कॉफी घेतली आणि लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या बटाट्याच्या पोळ्या खाल्ल्या. या पोळ्या नोरीनच्या नॉर्वेच्या आजीच्या पद्धतीच्या. यंदा लाटण्याचं काम डेलमारने केलं होतं, त्यामुळे एकही गोल नव्हती. नोरीनने प्रत्येक पोळी खाण्याआधी ती कुठल्या राज्याच्या नकाशासारखी दिसते ते सांगितलं. टॅगची चिठ्ठी तिने खिशातून काढली, बघितली, चार घड्या करून परत ठेवली.

"रागावलीस?" डेलमारने शेवटी विचारलं.

"रागावले होते. मंगळवारी. बुधवारीही थोडी." तिने कपातला गाळ गवतावर झटकला. "तू बोलला असतास ना सरळ, की नाही जमत, तरी आपण आलोच असतो. आणि घरी गेल्यावर ती चौऱ्याण्णवची जागेवर ठेव. खऱ्या तीन आण टेबलावर. वजन करते मी. चिठ्ठ्या लिहिते."

"न उलगडलेल्या आपण ठेवत नाही."

"या ठेवू."

उतरताना वेळ कमी लागला. पिकअपपाशी पोचल्यावर नोरीन बॉनेटला टेकून उभी राहिली, आणि डेलमार रायफली आत ठेवू लागला, तेव्हा ती म्हणाली, "थांब. रेडिएटरचं पाणी आहे ना सीटखाली?"

"आहे. का?"

"तीन आठवडे तू मांजर मांजर करतोयस. मला बघू तर दे कसलं मांजर आहे ते."

"नोरीन, खांदा..."

"डॉक्टरांनी मांजर म्हटलंय. तू मांजर बनवलंयस. का त्यातही खोटं आहे?"

"त्यात नाही," डेलमार म्हणाला. हे त्याने इतक्या ठामपणे सांगितलं की दोघांनाही जरा बरं वाटलं.

कॅन काठोकाठ भरलेला होता. चाळीस पावलांवर, मातीच्या उभ्या दरडीपुढे कापलेल्या झाडाचं एक खोड होतं. त्याने तो त्यावर ठेवला. नोरीन पिकअपच्या बॉनेटवर घडी केलेलं जाकीट ठेवून तिथे रायफल टेकवून उभी राहिली. त्याने मांजराचं काडतूस परत दिलं. ती भरत असताना तो तिच्या मागे आला आणि तिच्या पाठीला तळहात लावून उभा राहिला. धक्का अडवायला त्याचा उपयोग नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तरी त्याने हात काढला नाही.

आवाज लहानसाच झाला. तिचा खांदा जरासा मागे आला आणि त्याच्या हाताला लागला.

"दुखलं?"

नोरीन डोळे मिटून उभी होती. खांद्याचा अंदाज घेत होती. मग ती हसली, उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच तशी, दात दाखवून.

"व्हर्नच्या मांजरीपेक्षा हलकी आहे," ती म्हणाली.

खोडावरचा कॅन हललासुद्धा नव्हता. मधोमध एक भोक पडलं होतं आणि त्यातून पाण्याची धार लागली होती. दोघं बॉनेटला टेकून बघत राहिले. धार आधी लांब पडत होती, मग जवळ जवळ येत गेली, मग कॅनच्या अंगावरून ओघळायला लागली, मग थेंब झाले, आणि मग तेही थांबले. भोकापर्यंतचं पाणी गेलं. त्याच्या खालचं तसंच राहिलं, उन्हात स्वच्छ.

"घेऊन ये तो," नोरीन म्हणाली. "टोमॅटोला होईल."

टोमॅटोची रोपं मे महिन्यात लागतात. डेलमार चाळीस पावलं चालत गेला, कॅन दोन्ही हातांनी उचलला, आणि उरलेलं पाणी न सांडता परत आला.